९ व्होल्टची बॅटरी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून (करंटला अडवणारा भाग) १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला (चार्ज साठवणारा भाग) लावूनही कपॅसिटरवर लगेच ९ व्होल्ट का दिसत नाहीत?

वावरातला भरलेला हौद आणि रिकामा ड्रम बुडाशी नळीने जोडून पाहा. आधी पाणी धो-धो येतं, ड्रममधली पातळी चढली की नुसती बारीक धार उरते. करंटचंही तसंच: कपॅसिटरचा व्होल्टेज वाढेल तसा रेझिस्टरच्या वाट्याला कमी येतो.

भरायला किती वेळ लागेल ते रेझिस्टर गुणिले कपॅसिटर यावरून कळतं: तुमचा १० किलोओहम गुणिले १००० मायक्रोफॅरड म्हणजे १० सेकंद. तेवढ्यात ९ व्होल्टचे ६३ टक्के, साधारण ५.७ व्होल्ट. पुढच्या १० सेकंदांत उरलेल्याचे ६३ टक्के; मीटर ७.८ च्या आसपास. ५० सेकंदांनी भरलाच समजा.

बॅटरीवरचं काम, लाईन गेली असली तरी करून पाहता येतं. फक्त कपॅसिटरचा पट्टीकडचा पाय मायनसला लावा. उलटा लावला की फुगतो. माझा एक तसाच गेला.