छोटा ट्रेलर ओढायला गाडी कोणती?

प्रश्न : राहण्याचा छोटा ट्रेलर घेतोय, सामानासह ७५० किलो भरेल. घरची हॅचबॅक चालेल की जुनी बोलेरो बघू? तुळजापूरच्या घाटानेही जायचंय.
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : बोलेरोच बघा. तिला चासी (खालची वेगळी लोखंडी चौकट) आहे आणि इंजिनची ओढ मागच्या चाकांना आहे. हॅचबॅकची ओढ पुढच्या चाकांना. ट्रेलर जोडायच्या मागच्या हुकावर भार आला की नेमकी तीच हलकी होतात आणि चढावर घसरतात. मात्र मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिली आहे का, ते आधी तपासा. हुक बसवणाऱ्याच्या ‘काय होत नाही’वर जाऊ नका.

७५० हा आकडा काट्यावरचा की विक्रेत्याचा? पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. सगळं भरून वजनकाट्यावर न्या.

हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ७५ ते ११२ किलो भार हवा. ट्रेलर सपाटीवर ठेवा, हुकाला जोडायच्या दांड्याच्या टोकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरचा वजनकाटा ठेवून मोजा. भार कमी भरला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा हलतो. बहुतेकदा कारण मागे रचलेलं सामान. हलू लागला तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून एक्सलरेटर सोडा. आणि हुकावरचा हा भार गाडीतल्या माणसांच्या वजनातच धरायचा, हे बरेचजण विसरतात.

घाट उतरताना दुसरा गिअर. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेलाच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.