ख्रिस्ती 'विश्वास' की ख्रिस्ती 'श्रद्धा'?

प्रश्न असा आला आहे : मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघात ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण आणि बायबल यांवर अभ्यासमाला सुरू करायची आहे. इंग्रजी पत्रकावरून मराठी पत्रक करताना 'तरुण प्रौढांसाठी ख्रिस्ती श्रद्धा व बायबलीय सत्याचे अन्वेषण' असा मथळा तयार झाला. एकाचे म्हणणे 'श्रद्धा' नको, 'विश्वास' हवा. दुसऱ्याला 'बायबलीय' खटकते, तो 'शास्त्रीय सत्य' सुचवतो. यात बरोबर काय?

मथळ्यात 'विश्वास' घ्या, 'शास्त्रीय' अजिबात नको, आणि 'तरुण प्रौढ' आधी खोडा. बाकीचे शब्द पटकन उरकतो आणि 'विश्वास'पाशी थांबतो. पत्रक वाटून झाले तरी तो शब्द दर बैठकीत तुमच्यासमोर उभा राहणार आहे.

'तरुण प्रौढ' हे मराठीत जमत नाही. प्रौढ म्हटले की आपल्याला प्रौढ शिक्षण वर्ग आठवतो, नाहीतर चाळिशी ओलांडलेला माणूस. 'तरुण-तरुणींसाठी' एवढे पुरे. वयाची अट सांगायची असेल तर सरळ '१८ ते २५' छापा.

'शास्त्रीय'ची गंमत वेगळी. 'पवित्र शास्त्र' हे बायबलचे मराठी मंडळ्यांत चांगले रुळलेले नाव आहे, पण त्याचे विशेषण केले की गाडी भलत्याच रुळावर जाते. शास्त्रीय म्हणजे संगीत तरी किंवा विज्ञान तरी. 'शास्त्रीय सत्य' वाचून विज्ञान शाखेचा विद्यार्थी आला, तर उत्पत्तीच्या (बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या) पहिल्या अध्यायावर खडाजंगी होणार अशा तयारीनेच येईल. 'वचनातील सत्य' हे मंडळीत वाढलेल्यांना कळते, पण बाहेरून आलेल्या मित्राला वचन म्हणजे दिलेला शब्द वाटतो. त्या अर्थासाठी मंडळीत 'अभिवचन' आहे हे त्याला ठाऊक नसते. 'बायबलीय' व्याकरणाने चुकीचे नाही ('युरोपीय' चालते तसेच), पण बोलताना कुणी म्हणत नाही. 'बायबलमधील सत्य' लिहा. 'सत्ये' असे अनेकवचन टाळा.

आणि 'अन्वेषण' म्हटले की मराठी वाचकाला सीबीआय आठवते. 'शोध' चांगला, पण क्रियापद सांभाळा : शोध घेतात म्हणजे तपास करतात, शोध लावतात म्हणजे नवीन काही काढतात. तुम्हाला पहिला अर्थ हवा आहे. मला स्वतःला 'पारख' जास्त आवडतो. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:२१) सगळ्या गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा, असे प्रेषित पौल सांगतो. प्रश्न विचारायला मोकळीक आहे, हे त्या एका शब्दातून कळते.

आता मुख्य मुद्दा. व्युत्पत्तीच्या जोरावर 'श्रद्धा'ची बाजू घेणाऱ्याकडे भक्कम पुरावा आहे, हे आधी मान्य करू. श्रद्धा म्हणजे श्रत् अधिक धा, धा म्हणजे ठेवणे. वैदिक शब्दांच्या 'निघंटु' या जुन्या यादीत 'श्रत्' सत्यवाचक शब्दांत नोंदलेला आहे. आधुनिक भाषाशास्त्र त्याचा संबंध हृदयवाचक मुळाशी लावते, आणि लॅटिन 'क्रेदो' याच कुळातला मानते. क्रेदो म्हणजे ख्रिस्ती मतप्रतिज्ञेचा पहिलाच शब्द, 'मी मानतो'. म्हणजे नात्याने पाहिले तर क्रेदोची सख्खी मराठी बहीण श्रद्धाच. 'विश्वास' मात्र श्वासाच्या घरचा : वि अधिक श्वस्, मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे.

पण शब्द कुळावर चालत नाहीत, चलनावर चालतात. आजच्या महाराष्ट्रात 'श्रद्धा' उच्चारली की तिच्या मागोमाग 'अंधश्रद्धा' येते. १९८९ पासूनचे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम आणि २०१३ चा कायदा यांमुळे ही जोडी विशीतल्या मुलांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. मग पहिल्या बैठकीचा पाऊण तास 'श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते' यात जातो. चर्चा चांगली, पण तुमच्या विषयाची नाही. शिवाय श्रद्धा ही व्यक्तीवर, मूर्तीवर, कामावर, कशावरही 'असते'. ती एक मनोवृत्ती आहे. विश्वास 'ठेवावा', 'टाकावा' लागतो, तो 'बसतो' आणि 'उडतो'. त्यात देवघेव आहे, दुसरी बाजू आहे. विश्वासघात होऊ शकतो, श्रद्धाघात होत नाही. बायबलला अभिप्रेत असलेले नाते या दुसऱ्या प्रकारचे आहे.

कॅथलिक लेखनात 'श्रद्धा' आणि 'भाविक' सहज येतात, आणि तिथे ते बरोबरच आहेत. वसईच्या कॅथलिक वाचकासाठी पत्रक असेल तर माझा सल्ला वेगळा असेल. शब्दांची ही ओढाताण नवीही नाही. मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करणाऱ्या पंडिता रमाबाईंचा (त्यांचे पूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली निघाले) भर सामान्य बाईला कळेल अशा सोप्या मराठीवर होता. उलट तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांनी अभंगांची भाषा आनंदाने आत घेतली. दोन्ही प्रवाह आजच्या मंडळीच्या बोलण्यात मिसळलेले आहेत. नीतिसूत्रे ३:५ उघडा : तिथे रूढ मराठी भाषांतरात 'परमेश्वरावर भाव ठेव' आहे. तो 'भाव' वारकऱ्यांच्या 'भाव तेथे देव'मधलाच.

मथळ्यातले दोन शब्द, विश्वास आणि सत्य, मराठीत एकमेकांचे कुणी लागत नाहीत. हिब्रूत ती एकाच मुळाची लेकरे आहेत. 'अमन' हे मूळ, अर्थ पक्के असणे, टिकून राहणे. त्यापासून 'एमूना' म्हणजे विश्वास किंवा विश्वासूपणा, 'एमेत' म्हणजे सत्य, आणि प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो ते 'आमेन'. एमूना शब्द किती ठोस आहे हे निर्गम १७:१२ मध्ये दिसते. अमालेकाशी लढाई चालू आहे, मोशेचे वर धरलेले हात भरून आले आहेत, म्हणून त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरतात, आणि ते सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहतात. त्या 'स्थिर'च्या जागी मुळात एमूना आहे. हाच शब्द हबक्कूक २:४ मध्ये 'नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल' इथे येतो, आणि पौल रोमकरांस पत्राच्या आरंभी तेच वाक्य घेतो. गोव्याच्या कोंकणीत तर मानण्याचे क्रियापदच 'सत मानतां' असे आहे, आणि विश्वासाला 'भावार्थ' म्हणतात. सत्य आणि विश्वास यांची सांगड तिथे रोजच्या प्रार्थनेतच आहे. आपल्याला ती समजावून सांगावी लागते.

ग्रीक नव्या करारात 'पिस्तिस' हे नाम आणि 'पिस्तेवो' हे क्रियापद. योहानाच्या शुभवर्तमानात क्रियापद शंभराच्या आसपास वेळा येते आणि नाम एकदाही येत नाही. मराठीत हे दिसूच शकत नाही, कारण आपले क्रियापदच नाम घेऊन बनते : विश्वास ठेवणे. 'विश्वासणे' असे सुटे क्रियापद होते, पण ते मागे पडले. मंडळीतल्या 'विश्वासणारे'मध्ये तेवढे उरले आहे. ('विश्वासी' हे हिंदीतून आलेले. 'येशूवर विश्वास करा' हेही तसेच, हिंदी गाण्यांच्या भाषांतरातून शिरलेले. मराठीत विश्वास करत नाहीत, ठेवतात.)

मराठी 'विश्वास' एकटा चार कामे करतो, आणि बैठकीतले बहुतेक गोंधळ या चारांची सरमिसळ झाल्याने होतात. एखादी गोष्ट खरी मानणे. एखाद्यावर भरवसा टाकणे. विश्वासूपणा : गलतीकरांस ५:२२ मध्ये आत्म्याच्या फळांच्या यादीत मूळ शब्द पिस्तिसच आहे, पण मराठीने तिथे योग्यच 'विश्वासूपणा' केले. आणि चौथे, ज्यावर विश्वास ठेवायचा ती शिकवण. यहूदाच्या पत्राच्या तिसऱ्या वचनातला, पवित्र जनांच्या हवाली केलेला 'विश्वास' हा आहे. वाक्यात नेमके कोणते काम चालले आहे हे मराठीत बरेचदा शेजारच्या शब्दावरून किंवा प्रत्ययावरून कळते : 'असा विश्वास', 'की' आले तर बहुधा खरे मानणे, 'च्यावर' आले तर बहुधा भरवसा. 'चा' आले तर सावध व्हा. 'ख्रिस्ताचा विश्वास' म्हणजे ख्रिस्तावरचा, की ख्रिस्ताने दाखवलेला विश्वासूपणा? गलतीकरांस २:१६ च्या ग्रीक षष्ठीवर अभ्यासकांचा नेमका हाच वाद आहे. मराठी भाषांतराने 'वरील' घालून एक बाजू घेतलेली असते.

हे तरुणांपुढे मांडायचे तर व्याख्यान देऊ नका, शब्द बदलून पाहायला लावा. त्यासाठी याकोब २:१४-२६ हा उतारा घ्या. १३ वचने आहेत, त्यांपैकी ९ मध्ये ग्रीक मुळात पिस्तिस किंवा पिस्तेवो आहे. उतारा मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये दुप्पट जागा सोडून छापा. दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येक 'विश्वास'वर पेन्सिलीने काट मारून त्याजागी 'खरे मानणे', 'भरवसा', 'विश्वासूपणा' किंवा 'श्रद्धा' यांपैकी एक लिहायचा, आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. कानाला अडले तर शब्द बदलायचा. त्याला ४० मिनिटे द्या, मग एकत्र वाचन.

सगळ्यात लवकर निकाल लागतो तो एकोणिसाव्या वचनात. देव एकच आहे असा विश्वास तू धरतोस, बरे करतोस. भुतेही तसाच विश्वास धरतात आणि थरथर कापतात. 'भुतेही भरवसा टाकतात' : वाक्य मोडले. 'भुतेही श्रद्धा ठेवतात' : लोक हसतात, आणि हसणे बरोबर आहे. 'भुतेही हे खरे मानतात' : बसले. मग तेविसाव्या वचनात या. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला, हे उत्पत्ती १५:६ चे वाक्य. इथे 'अब्राहामाने देव आहे हे खरे मानले' फारच तोकडे पडते, 'भरवसा टाकला' नेमके बसते. याकोब एकाच परिच्छेदात एकच शब्द दोन वजनांनी वापरतो, हे मुलांना स्वतःच्या पेन्सिलीने सापडते.

आता कुणीतरी विचारणारच : याकोब २:२४ म्हणते माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो, रोमकरांस ३:२८ म्हणते नियमशास्त्राच्या (मोशेच्या नियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने ठरतो. हा प्रश्न टाळू नका. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरलाही तो इतका बोचला होता की १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे, म्हणजे कस नसलेले, पत्र म्हटले. रोमकरांस ४:३ शेजारी ठेवा. पौलही तेच उत्पत्ती १५:६ उद्धृत करतो. पौल 'विश्वास' म्हणताना भरवसा टाकणे म्हणतो आहे. याकोब ज्याला निर्जीव म्हणतो ते नुसते खरे मानणे आहे. प्रश्न यातून पूर्ण मिटतो असे नाही ('क्रिया' आणि 'नियमशास्त्राची कर्मे' एकच का, हे उरतेच), पण वाद कशावर आहे ते तरी ठरते.

या पद्धतीत तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, इब्री ११:१ वर हा खेळ खेळू नका. रूढ भाषांतरात विश्वासाची व्याख्याच 'भरवसा' आणि 'खातरी' या शब्दांनी केली आहे, त्यामुळे 'भरवसा म्हणजे भरवसा' अशी फुगडी होते. दुसरा, एखादा हुशार मुलगा फोनवर ग्रीक कोश उघडून 'खरा अर्थ असा आहे' म्हणेल. त्याला सांगा की कोश शब्दाचे शक्य अर्थ देतो, त्या वाक्यात कोणता हे वाक्यच ठरवते. एमूना म्हणजे निर्गमात 'स्थिर', म्हणून प्रत्येक ठिकाणी 'स्थिर' घुसवणे ही तीच चूक. तिसरा, प्रत्येकाच्या फोनवर भाषांतर वेगळे. एकाकडे 'कृपा', दुसऱ्याकडे 'अनुग्रह', आणि अर्धा वेळ कुठली ओळ चालू आहे हे शोधण्यात. म्हणून छापील उतारा एकाच भाषांतराचा द्या आणि त्याचे नाव तळाशी लिहा. बाकीची भाषांतरे नंतर तुलनेला काढा.

उताऱ्यांत 'तारण' येणारच, इफिसकरांस २:८ टाळून तर ही अभ्यासमाला होणार नाही. बँकेचे सोने तारण कर्ज माहीत असलेल्या मुलाला तो शब्द प्रथमच ऐकताना गहाण आठवते. तारणे, तारू, तरून जाणे ही ओळ एकदा फळ्यावर लिहिली की काम होते, वेगळी बैठक नको.

पत्रकासाठी माझा मथळा : 'ख्रिस्ती विश्वास : बायबल वाचू, प्रश्न विचारू, पारखू'. खाली 'वय १८ ते २५ च्या तरुण-तरुणींसाठी'. 'ख्रिस्ती'च्या जागी 'ख्रिश्चन' करू नका; बोलण्यात ठीक आहे, पण विशेषण म्हणून 'ख्रिस्ती' मराठीत रुळलेले आहे. 'सत्य' मथळ्यात हवेच असा आग्रह असेल तर 'ख्रिस्ती विश्वास आणि बायबलमधील सत्य' असे ठेवा, आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीला पिलाताचा 'सत्य काय आहे?' हा प्रश्न (योहान १८:३८) घ्या. त्याआधी एमेत सांगून ठेवा, नाहीतर चर्चा 'ज्याचे त्याचे सत्य' या वळणावर अडकते.