वाचकांचे प्रश्न : वाचता येत नाही पण गोष्ट भारी सांगते

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यात झेडपी शाळेत चौथीला शिकवतो, वर्गात ३४ पोरं. एक मुलगी अहिराणीत गोष्ट अशी रंगवते की सगळे गप्प, पण पुस्तक उघडलं की ब चा व, घ चा ध. आणखी एकाला कमी ऐकू येतं. एकटा कसं सांभाळू?

उत्तर : सर, ती मुलगी ढ नाहीये हे तुम्ही ओळखलंत, अर्धं काम तिथेच झालं! जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या, त्यात एका ओळीएवढी खिडकी कापा, ती ओळीवर ठेवून वाचू द्या, म्हणजे बाकीच्या ओळी डोळ्यांपुढे नाचत नाहीत. तिचीच गोष्ट अहिराणीतच फळ्यावर लिहा आणि तीच तिला वाचायला द्या, स्वतःचे शब्द असले की अक्षरं लवकर ओळखीची होतात, आणि उत्तरं तोंडी घेतलीत तरी चालतं हो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला तुमचे ओठ दिसायला हवेत. पोरांना यू आकारात बसवलंत तर मित्रांचे चेहरेही दिसतील. कानाची तपासणी मात्र लवकर करून घ्या.

आणि मुलीच्या पालकांना सांगा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आहे, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखन-गणितात अडचण येणं. तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर पुढे दहावीला जास्तीचा वेळ मिळतो, म्हणून चौथीतच धावपळ केलेली बरी.