पुण्याला जाऊ, भरती बघू की इथंच राहू? आयटीआय झालेल्या एका मुलाचा हिशेब

आयटीआय झालं, भरत्यांचे फॉर्म भरून झाले, वय वाढत चाललं आणि गावाकडे तर नोकरीच नाही. मग पुण्याची गाडी पकडावी का? वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यातून समुपदेशनाला येणारी विशी-पंचविशीतली मुलं हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारतात. खालचं प्रकरण समुद्रपूर तालुक्यातल्या एका मुलाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला प्रफुल्ल म्हणू.

प्रफुल्ल २४ वर्षांचा. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय संपून चार वर्षं झालेली. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस, सोयाबीन, धुऱ्यालगत तुरीच्या ओळी. वडील सोबत आले होते आणि सुरुवात त्यांनीच केली. "पोट्टं चार वर्षांपासून नुसतं फॉर्म भरून राहिलं जी. सोयरिकीवाले विचारतात, पोरगा काय करते? काय सांगावं?" प्रफुल्लचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "इकडं काहीच नाही, मित्र चाकणले वीस हजार कमावून राहिले." चाकण म्हणजे पुण्याजवळचा कारखान्यांचा पट्टा.

"काहीच नाही" असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं लागतं की बघितलं कुठे. प्रफुल्लने मोबाइलवरच्या नोकरीच्या ग्रुपमध्ये बघितलं होतं आणि एकदा नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत जाऊन तीन-चार गेटांवर वॉचमनकडे बायोडाटा देऊन आला होता. या पद्धतीने इकडची नोकरी सहसा दिसत नाही. इथल्या कारखान्यांत देखभालीची जागा रिकामी झाली की सुपरवायझर आपल्याच कामगारांना विचारतो, "तुमच्याकडे कोणी पोरगा आहे का?" दोन दिवसांत जागा भरते. जाहिरात निघते ती बहुतेक एकदम पन्नास हेल्पर हवे असतील तेव्हा, आणि ज्या कामावर माणूस टिकत नाही तिथेच पन्नास माणसं वारंवार लागतात.

म्हणून त्याला एक आठवड्याचं काम दिलं. घरापासून मोटारसायकलने रोज जाता येईल एवढं अंतर धरायचं, साधारण ४० किलोमीटर, आणि त्या टापूत वीज जिथे जास्त लागते अशा जागांची यादी करायची. हिंगणघाटच्या सूतगिरण्या आणि जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने), डाळ मिल, तेल मिल, जाम चौरस्त्यावरचे वर्कशॉप आणि मोठी हॉटेलं, नागपूरच्या रस्त्याने बुटीबोरी. गेटवर वॉचमनला भेटायचं नाही. पाळी सुटते तेव्हा बाहेरच्या चहाटपरीवर बसायचं आणि बाहेर पडणाऱ्या कामगारांना तीन गोष्टी विचारायच्या: पगार कंपनी देते की ठेकेदार, मागचा पगार कोणत्या तारखेला झाला, आणि शेवटी काम सोडून गेलेला माणूस का गेला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत कामाचं असतं. यासोबत हिंगणघाटातल्या इलेक्ट्रिकल दुकानांत जाऊन मोठे कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारे स्विच), केबल, बेअरिंग कोण नेतं तेही बघायचं. दुकानदाराला कोणत्या कारखान्यात काम वाढलंय हे महिनाभर आधी कळतं.

यादीत हंगामाचा रकाना लागतोच. जिनिंग दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. पण इलेक्ट्रिशियन आणि फिटरचं काम त्याआधी, ऑगस्ट ते ऑक्टोबर. बंद मशिनरी उघडून मोटारी तपासणं, पॅनल, स्टार्टर, कपॅसिटर बँक दुरुस्त करणं. भर हंगामात कापसाच्या गाड्या बाहेर रांगेत उभ्या असताना प्रेसची मोटार बसली तर मालक इलेक्ट्रिशियनला काय म्हणेल ते देतो. म्हणजे हंगामाआधी ज्याची ओळख झाली त्याला हंगामात बोलावणं येतं. जानेवारीत जाऊन "काम आहे का" विचारणाऱ्याला कोणी उभं करत नाही. गुढीपाडव्यापासून कूलर आणि पाण्याच्या मोटारी, पावसाळ्यात सुस्ती, असं वर्षाचं चक्र आहे.

शेतमालाचा भावही या बाजाराशी बांधलेला आहे, हे मुलांच्या लक्षात येत नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. अशा वर्षी विहिरीची मोटार रिवाइंड करण्याऐवजी शेतकरी कशीबशी चालवतो, नवं वायरिंग पुढे ढकलतो, तालुक्याचा दुकानदार दिवाळीनंतर नवा पोरगा ठेवत नाही. स्वतःचं दुकान टाकायची घाई अशा वर्षी करू नये.

इथे वडिलांनी विचारलं, "पण आता तं समृद्धी झाला, सिंदीले ड्रायपोर्ट होऊन राहिला, मग पोट्ट्यायले कामं येतीलच नं?" ड्रायपोर्ट म्हणजे समुद्रापासून दूर, कंटेनरचा माल हाताळणारं केंद्र. हा आशेचा भाग जपून हाताळावा लागतो. समृद्धी महामार्गाचे सगळे ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला खुले झाले. नागपूर ते शिर्डी हा टप्पा तर डिसेंबर २०२२ पासूनच चालू आहे. रस्त्याकाठच्या जमिनींचे भाव लगेच हलले. नोकऱ्या तेवढ्या झटपट येत नसतात. पेपरात करार झाल्याची बातमी येते, मग भूखंड, मग परवानग्या आणि जिथे लागेल तिथे जनसुनावणी, मग बांधकाम, आणि यंत्रं बसल्यावर भरती. मधे कुठेही गाडी अडू शकते. बांधकामाच्या काळात सेंट्रिंग, वेल्डिंग, तात्पुरती वीज जोडणी अशी कामं एकदम वाढतात आणि कारखाना सुरू झाला की एकदम उतरतात. बातमी खरी आहे की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे: तिथे वीज उपकेंद्राचं काम सुरू झालं का, आणि सिक्युरिटी-हाउसकीपिंगचे ठेकेदार माणसं शोधायला लागले का. दोन्ही नसेल तर त्या बातमीवर वर्ष घालवू नये.

आठवड्याने प्रफुल्ल यादी घेऊन आला. हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत देखभाल विभागात जागा होती, ठेकेदाराकडून. फोनवर सांगितलेला पगार "सतरा हजार". चाकणचे वीस आणि इथले सतरा, अशी तुलना त्याच्या डोक्यात होती. इथेच बहुतेक घरांत चूक होते, म्हणून कागद घेऊन बसलो.

ठेकेदाराचे सतरा हजार म्हणजे सीटीसी, मालकाला पडणारा एकूण खर्च, निघाली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,५००, घरभाडे व इतर १,५००, एकूण १५,०००. यावर मालकाचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), विमा व प्रशासन खर्च मिळून १३,५०० च्या १३ टक्के, म्हणजे १,७५५, आणि ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) १५,००० च्या ३.२५ टक्के, ४८८ रुपये. झाले १७,२४३. हे वरचे पैसे कधी हातात येत नाहीत. उलट कामगाराच्या १५,००० मधून पीएफचे १३,५०० च्या १२ टक्के, १,६२०, ईएसआयचे ०.७५ टक्के, ११३. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात पडतात १३,०६७. प्रफुल्लचा चेहरा उतरला. पण ईएसआयचं कार्ड म्हणजे आईवडिलांच्या दवाखान्याचीही सोय, आणि पीएफमध्ये त्याच्या १,६२० सोबत मालकाचाही हिस्सा पडतो. या दोन गोष्टी नसलेले रोख पंधरा हजार दिसायला मोठे, पण स्वस्त आहेत.

मग मित्राची चाकणची स्लिप व्हॉट्सॲपवर मागवली. वीस हजार हा ओव्हरटाइम धरून एखाद्या चांगल्या महिन्याचा आकडा होता. नेहमी हातात येत होते १७,५००. त्यातून तिघांत खोली ३,०००, मेस ३,६००, येणं-जाणं, मोबाइल आणि किरकोळ १,९००, गावी येण्याचा खर्च महिन्यावर वाटला तर ५००. उरतात ८,५००. हिंगणघाटला रोज जाऊन-येऊन २८ किलोमीटर, २६ दिवसांचे ७२८. गाडी लिटरला ५० देते, पेट्रोल १०५ धरलं तर १,५२९ रुपये. ऑइल, पंक्चर, चहा ५००. डबा घरचा. उरतात अकरा हजारांच्या थोडे वर.

वडील लगेच म्हणाले, "मंग झालं, इथंच." नाही, एवढ्यावर ठरवू नये. पहिल्या महिन्याची शिल्लक बघून चाकण नाकारणं हेही चुकीचंच. तिकडे दोन वर्षांत पुढची उडी मारायला दहा कारखाने शेजारी असतात, हिंगणघाटला तेवढे पर्याय नाहीत. फरक कामाच्या स्वरूपाने पडतो. मित्र असेंब्ली लाइनवर एकच भाग दिवसभर बसवत होता. त्याच्या ट्रेडचा त्यात काही उपयोग नव्हता आणि कराराची मुदत संपली की कंपनी त्याला पुन्हा घेईलच असं नव्हतं. सूतगिरणीतही रिंग फ्रेमवर (सूत कातणाऱ्या यंत्रावर) डॉफर, म्हणजे भरलेल्या बॉबिन काढणारा, किंवा हेल्पर म्हणून घेणार असतील तर चाकणच बरं, असं त्याला स्पष्ट सांगितलं. देखभालीत मोटार, ड्राइव्ह, पॅनल, हवेतली आर्द्रता राखणारा ह्युमिडिफिकेशन प्लांट यांवर हात बसतो आणि तो अनुभव बुटीबोरीतही चालतो. म्हणून नेमणूकपत्रावर पद काय लिहिलंय हे बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. दुसरं, गिरणीत कापसाची धूळ असते. ब्लोरूम-कार्डिंगच्या, म्हणजे कापूस मोकळा करून पिंजण्याच्या भागात काम करताना मास्क हवाच. घरात दम्याचा इतिहास असेल तर ही नोकरी घेऊच नये.

अप्रेंटिसशिपचाही विचार झाला. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. नुकताच पास झालेला मुलगा असता तर आम्ही हाच रस्ता आधी सुचवला असता, कारण वर्षाअखेरचं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढे बऱ्याच ठिकाणी विचारलं जातं. पण चार वर्षांचं अंतर पडलं की मोठ्या आस्थापना अर्ज बाजूला ठेवतात. अनेकांना अलीकडच्या तीन वर्षांत उत्तीर्ण झालेलेच हवे असतात. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना ८,००० मिळतात, पण ते मुदतीचं प्रशिक्षण आहे. मुदत संपल्यावर तिथेच कायम होण्याची हमी नाही. कामाची सवय लागावी म्हणून ठीक.

राहिली भरती. हा विषय घरात सर्वांत नाजूक, कारण चार वर्षं त्यात गेलेली असतात आणि "सोड" म्हटलं की ती वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. २०२४ च्या पोलिस भरतीतल्या १७,४७१ जागांना सतरा लाखांवर. आकडे सांगून मुलं थांबत नाहीत, आणि थांबावंच असंही नाही. उलट मोजता येईल असं काही विचारावं. पोलिस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण केले तरच २० पैकी २० गुण मिळतात. प्रफुल्ल सहा मिनिटांच्या पुढे होता. गोळा साडेआठ मीटरला १५ गुण; त्याने तो कधी मोजूनच टाकला नव्हता. लेखीच्या सराव पेपरांचे गुण लिहून ठेवलेले नव्हते. मग ठरलं ते असं: काम करता करता एकच भरती पूर्ण ताकदीने द्यायची, दर रविवारी वेळ आणि गुण वहीत लिहायचे, तीन महिन्यांत आकडे हलले नाहीत तर फॉर्म भरायचा पण क्लासला पैसे घालायचे नाहीत. तलाठीचा नाद सोडायला तो तयार झाला, पोलिसचा नाही.

गिरणीचं पत्र "इलेक्ट्रिशियन, देखभाल" असं आलं आणि तो रुजू झाला. ठेकेदाराने ड्रेसचे दीड हजार आधी मागितले होते. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपया द्यायचा नाही हे आधीच बोलणं झालं होतं, त्याने "पगारातून कापा" म्हटल्यावर ती मागणी विरली. दुसऱ्या महिन्यात सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडलं तर कोरं. पगारातून १,६२० कापलेले, खात्यात काहीच नाही. सुपरवायझर म्हणाला, पीएफ तीन महिन्यांनी सुरू होतो. असा काही नियम नाही. पीएफ लागू असलेल्या ठिकाणी तो पहिल्या दिवसापासून लागतो आणि महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. ठेकेदाराशी भांडण्याऐवजी दोन पगारस्लिपा आणि पासबुकाचा स्क्रीनशॉट घेऊन तो मूळ कंपनीच्या मनुष्यबळ विभागात गेला, कारण ठेकेदाराने भरणा चुकवला तर जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. तिथून ठेकेदाराला फोन गेला. दोन्ही महिन्यांची रक्कम पंधरा दिवसांत जमा झाली.

बाजूचं काम म्हणून सौर पंप सुचवला आहे. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्केच भरावे लागतात, त्यामुळे शिवारात पॅनल वाढताहेत. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे असल्याने सुरुवातीला कंपनीच्या विक्रेत्याकडून फेरीमागे पैसे घेऊन काम करावं लागेल. बिघाड ठरावीक असतात: पॅनलच्या तारांचे एमसी-४ जोड ढिले होऊन जळणं, विहिरीचं पाणी उतरल्यावर कंट्रोलर ड्राय-रन (पाण्याविना पंप चालणं) दाखवून बंद पडणं, रानडुकरांनी केबल उपटणं, अर्थिंग कोरडं पडणं. इथे घरच्या वायरिंगचा आत्मविश्वास घातक ठरतो; ऊन असेपर्यंत पॅनलमधून डीसी दाब येतच राहतो, कंट्रोलर बंद केला तरी. डीसी क्लॅम्प मीटर आणि क्रिम्पिंगचं नीट अवजार घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. सोबत विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे तारतंत्रीच्या परवान्याचा अर्ज, जो स्वतंत्र काम घ्यायला पुढे लागेलच.

रविवारी सौर पंपाच्या फेऱ्या करायच्या की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. वडिलांचं म्हणणं, रविवारी फवारणीले माणूस लागते.