'एकदा' हा शब्द खोड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा खर्डा दोनदा वाचून काढला. कष्ट घेतले आहेस, ते दिसतंय. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंस, 'ज्यू आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाने फार पूर्वी एकदा जग बनवलं', आणि पुढची सगळी पानं ते कधी बनवलं, सहा दिवस म्हणजे नेमके किती आणि विज्ञानाला हे पटतं का, यातच खर्ची पडली. त्या 'एकदा'ने तुझा घात केला आहे.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं, म्हणजे उत्पत्तीचं, पहिलं वाक्य मूळ हिब्रूत सात शब्दांचं आहे. 'बेरेशीत बारा एलोहीम' अशी त्याची सुरुवात. आपल्या मराठी बायबलात 'प्रारंभी देवाने…'. यातल्या दुसऱ्या शब्दापाशी थांब. 'बारा' हे क्रियापद या रूपात हिब्रू बायबलात जिथे जिथे येतं, तिथे त्याचा कर्ता देवच असतो. माणूस घर बांधतो, कापड विणतो, मडकं घडवतो. 'बारा' मात्र तो करत नाही. शिवाय या क्रियापदासोबत 'कशापासून' हे कधी सांगितलेलं नसतं. पुढे दुसऱ्या अध्यायात वेगळंच क्रियापद भेटतं, कुंभाराच्या कामाचं: देव मातीतून माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. माती म्हणजे 'अदामा', आणि माणूस 'आदाम'. एका चित्रातला देव नुसत्या शब्दाने निर्माण करतो, दुसऱ्यातल्या देवाचे हात मातीत आहेत. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवली, एकही पुसलं नाही. तू मात्र दुसरं चित्र एका ओळीत उडवून लावलं आहेस. ते परत आण.

वेळापत्रकाचा हट्ट तर तुझ्या कितीतरी आधी राशीने मोडून काढला होता. राशी हा ११व्या शतकातला, फ्रान्समधल्या त्र्वा शहरातला भाष्यकार. ज्यू घरांत आजही मुलं तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, शिकतात ती त्याच्या भाष्यासह. हा उतारा निर्मितीचा क्रम शिकवायला आलेलाच नाही, असं तो स्पष्ट लिहितो. त्याचं कारण साधं आहे: दुसऱ्याच ओळीत देवाचा आत्मा पाण्यावर आहे, आणि पाणी केव्हा निर्माण झालं हे कुठेच सांगितलेलं नाही. श्रद्धेने वाचणारा माणूस किती बारकाईने वाचतो, ते बघ.

याच पाण्यावरून पुढचा मुद्दा. 'शून्यातून निर्मिती हे उत्पत्तीच्या पहिल्या ओळीतच आहे', असं तू ठामपणे म्हणतेस. इतकं ठाम म्हणता येणार नाही. तिथे अंधार आहे, अथांग पाणी आहे. त्या पाण्याला हिब्रूत 'तेहोम' म्हणतात आणि बॅबिलोनच्या निर्मितीकथेतल्या तियामात या सागरदेवतेच्या नावाशी त्या शब्दाचं नातं आहे. बॅबिलोनमध्ये मार्दुक हा देव तियामातला मारून तिच्या देहाचे दोन भाग करतो आणि त्यातून आकाश-पृथ्वी रचतो. उत्पत्तीत लढाईच नाही. देव बोलतो आणि प्रकाश होतो. सूर्य-चंद्रांची तर नावंही घेतलेली नाहीत. 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती', बस. शेजारचे लोक ज्यांना देव म्हणून पुजत, त्यांची इथे दिव्यांच्या जागी नेमणूक झाली आहे.

'शून्यातून' ही भाषा मात्र वेगळ्या ठिकाणी ठसठशीतपणे उमटते, आणि ती जागा तू चुकवू नयेस असं मला मनापासून वाटतं. मक्काबींचं दुसरं पुस्तक हा ज्यूंच्या छळाची कहाणी सांगणारा जुना ग्रंथ. त्यात एका आईच्या डोळ्यांदेखत तिची मुलं एकामागून एक छळ करून मारली जातात. सहा गेली आहेत, धाकटा उरला आहे. राजा तिला सांगतो, याची समजूत घाल, निदान हा तरी वाचेल. ती मुलाजवळ वाकते आणि म्हणते: आकाशाकडे बघ, पृथ्वीकडे बघ, आधी असलेल्या कशापासून देवाने हे केलेलं नाही. म्हणजे ज्याने काहीच नसताना सगळं दिलं, तो तुलाही परत देऊ शकेल. कुठल्या वादविवादात सुचलेलं हे वाक्य नव्हे. आपल्या मुलाला मरणाच्या दारात उभं करताना एका आईने धरलेला तो आधार आहे.

त्यावरचा तात्त्विक वाद पुढे दुसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंतांनी घातला. देवाने निराकार द्रव्याला आकार दिला, ही ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या वळणाची कल्पना त्यांच्यातल्या जस्टिनला चालत होती. अंत्युखियाच्या बिशप थिओफिलसला ती चालली नाही. हाताशी साहित्य असेल तर कारागीरही वस्तू बनवतो, मग देवाचं थोरपण ते काय, असा त्याचा सवाल. हे जग बनवणारा देव हलका आणि खरा देव वेगळा, असं सांगणारे मार्कियनसारखे लोकही त्याच काळातले. ३२५ साली निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने 'दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांचा कर्ता' हे शब्द मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, घातले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. परिषदांचा इतिहास तुझ्या खर्ड्यात फार लांबला आहे. तो निम्मा कर.

दोन परंपरांची वाट कुठे वेगळी होते, ते मात्र नीट दाखव. योहानाच्या शुभवर्तमानात 'प्रारंभी शब्द होता' आणि सर्व काही त्याच्याद्वारे झालं. ख्रिस्ती माणसासाठी तो शब्द म्हणजे येशू. मिद्राशातही, म्हणजे ज्यू गुरूंच्या बायबलवरच्या जुन्या विवरणातही, देव एकटाच हात घालत नाही: वास्तुकार नकाशा बघतो तसा तो तोरात बघतो आणि जग निर्माण करतो. प्रश्न एकच, जगाआधी देवापाशी काय होतं हा. उत्तरं दोन, आणि त्यांची गोळाबेरीज करू नकोस.

आता 'एकदा'कडे येते. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने म्हटलं की जगाला आरंभ होता हे श्रद्धेने कळतं, तर्काने सिद्ध करता येत नाही. आणि जग अनादि असतं, तरीही ते निर्मितच असतं! हे पचायला मला काही वर्षं लागली. मदत झाली ती त्याच्या कितीतरी आधीच्या ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने नोंदवलेल्या प्लेटोवाद्यांच्या एका दाखल्याची: पाऊल अनादिकाळापासून धुळीत रुतलेलं असेल, तर त्याखालचा ठसाही अनादिच असेल, तरी ठसा पावलामुळेच आहे, याबद्दल कुणी शंका घेणार नाही. निर्मिती म्हणजे हे 'मुळे'. मग 'देवाला कुणी बनवलं?' हा तुझा प्रश्नही वेगळा दिसू लागतो. तू देवाला ठशांच्या रांगेत पहिला उभा केलास, म्हणून त्याच्या मागे कोण, असं तुला विचारावंसं वाटलं.

ज्यूंच्या सकाळच्या प्रार्थनेत हेच रोज म्हटलं जातं: देव आपल्या चांगुलपणाने दररोज, सतत निर्मितीचं कार्य नवं करतो. क्रियापद वर्तमानकाळी आहे. या प्रार्थनेच्या आरंभी बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायातली ओळ आहे. यशयात देव म्हणतो, मी प्रकाश घडवतो, अंधार निर्माण करतो, शांती करतो आणि 'रा', म्हणजे अनिष्ट, निर्माण करतो. प्रार्थनेत त्या शेवटच्या शब्दाच्या जागी 'हाकोल', म्हणजे 'सर्व काही', म्हणतात. दुष्टाईच्या प्रश्नाला तू एक परिच्छेद दिला आहेस; त्याऐवजी हा बदललेला एकच शब्द वाचकासमोर ठेव. मला त्यात पळवाट दिसत नाही. पहाटे उठून ते वाक्य तोंडाने म्हणणं माणसाला जड जातं, हे मान्य केलं गेलं. पण यशयाचं पान कुणी बदललं नाही. पुन्हा दोन्ही जपलं.

त्याच परिच्छेदात बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय घे. सगळं गमावलेला माणूस जाब विचारतो आणि देव वादळातून उलट त्यालाच विचारतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? या अध्यायात एक ओळ आहे, जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड जमिनीवरही पाऊस पाडला जातो, अशा अर्थाची. ईयोबाला स्पष्टीकरण मिळत नाही. त्याला तो पाऊस दाखवला जातो. यावर घाईने काही लिहू नकोस, आधी अध्याय मोठ्याने वाच.

मग पहिल्या पानावर ये. त्या वाक्यातला 'एकदा' खोड, सोबत 'फार पूर्वी'ही. जे वाक्य उरेल ते आधी मला पाठव, बाकीची पानं नंतर.

तुझी,
बाई