फंगस लागलेली लेन्स आणि 'जुना माल परत घेत नाही' म्हणणारा विक्रेता

जाहिरातीत 'काच स्वच्छ, फंगस नाही' असं लिहिलं होतं, कॅमेऱ्याची जुनी लेन्स हातात आली तर आत बुरशीची जाळी दिसतेय, आणि विक्रेता म्हणतोय जुना माल परत होत नाही. तुमची बाजू भक्कम आहे, घाबरू नका. वस्तू जुनी असणं आणि वर्णन खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे 'लेन्स खराब आहे' असं भांडू नका, तो म्हणेल जुन्या वस्तूत एवढं चालायचंच. 'जाहिरातीत लिहिलं होतं तशी ही लेन्स नाही' एवढंच धरून राहा.

सर्वांत आधी, लेन्स साफ करायला कुणाकडेही देऊ नका. एकदा उघडली की 'तुम्हीच बिघडवली' म्हणायला तो मोकळा. लेन्समधलं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरक्या कोनातून बघा. कोळिष्टकासारखे फुटवे फुटलेले धागे दिसले तर तो फंगस, नुसते सुटे ठिपके म्हणजे बहुधा धूळ. हे ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण धुळीवरून तक्रार टिकणार नाही. त्याच प्रकाशात सिरीयल नंबरसकट सलग व्हिडिओ काढा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच घ्या, उद्या ती काढून टाकलेली असू शकते. मग लेन्स सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात, बाकीच्या लेन्सपासून लांब ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फंगस वाढायला वेळ लागत नाही.

रिटर्नची मुदत संपायच्या आत मार्केटप्लेसवरच, म्हणजे ज्या ऑनलाइन विक्री साइटवरून लेन्स घेतली तिथेच, तक्रार नोंदवा. विक्रेता 'व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू' म्हणाला तरी सगळं बोलणं तिथल्याच चॅटमध्ये ठेवा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ६ स्पष्ट आहे: जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. मार्केटप्लेसच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख जरूर करा.

तरीही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे फी नाही, मुदत २ वर्षांची आहे आणि विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. वकील सक्तीचा नाही.

विकणारा दुकानदार नसून घरातली एखादी वस्तू काढून टाकणारा माणूस असेल तर मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता अवघड होतो. तिथे १९३० चा माल विक्री कायदा लागतो. वस्तू वर्णनाबरहुकूम हवी असं त्याचं कलम १५ सांगतं, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. अशा वेळी थोडी रक्कम सोडून समझोता केलेला परवडतो, असं माझं मत आहे.

परत पाठवताना सिरीयल नंबर दिसेल असं पॅकिंगचं चित्रीकरण करा, पार्सलचा विमा घ्या आणि कुरिअरच्या पावतीवर वजन लिहून घ्या. पैसे खात्यात जमा होईपर्यंत तक्रार बंद करायला होकार देऊ नका.