केळीबागेवर ड्रोनचा सिग्नल तुटतो तेव्हा

प्रश्न (रावेर): 450 मिलिमीटर फ्रेमचा ड्रोन घरीच जोडला आहे. रिमोट फ्लायस्काय एफएस-आय6, रिसीव्हर आयए6बी, बोर्ड अर्डुपायलट या ड्रोन-सॉफ्टवेअरवर चालणारा. हरभऱ्याच्या रानात 400 मीटरपर्यंत अडचण नाही. केळीबागेवरून कमी उंचीवर नेला की 150 मीटरवरच सिग्नल जातो. रिसीव्हर बदलला, फरक नाही. रिमोटला बूस्टर लावू का?

उत्तर: बूस्टर नको, रिसीव्हरही तुम्ही उगाच बदलला. सिग्नल अंतराने नाही, पाण्याने अडतो आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि केळीचं खोड-पान म्हणजे बहुतांशी पाणीच. बांधावर उभं राहून रिमोट छातीशी धरला तर तो जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर असतो. केळी 2.3 मीटर उंच आणि 150 मीटरवरचा ड्रोन 4 मीटर उंचीवर आहे असं धरा: दोघांना जोडणारी रेषा सुरुवातीचे जवळजवळ 60 मीटर केळीच्या आतूनच जाते. शिवाय लहरीला नुसती रेषा मोकळी असून पुरत नाही. एवढ्या अंतरात मध्यावर रेषेच्या चहूबाजूंनी सुमारे 2.2 मीटर जागा रिकामी लागते. म्हणून पानांच्या शेंड्यांवरून ड्रोन दिसत असला तरी सिग्नल तुटू शकतो. हरभरा गुडघ्याएवढाही नसतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

पंपघराच्या धाब्यावर उभे राहा आणि ड्रोन किमान 15 मीटर उंचीवर ठेवा. बहुतेक त्रास तिथेच संपेल.

त्यानंतर अँटेना पाहा. रिसीव्हरच्या दोन्ही तारांच्या टोकाचा जेमतेम 3 सेंटिमीटर भागच खरा अँटेना असतो. तो कार्बनच्या पट्टीला, बॅटरीला किंवा मोटारच्या जाड वायरींना चिकटलेला नको. दोन्ही टोकं एकमेकांशी काटकोनात ठेवा, एक उभं, एक आडवं, म्हणजे ड्रोन कलला तरी एक तरी रिमोटशी जुळतं. प्लॅस्टिकची नळी किंवा केबल टाय वापरून ती फ्रेमबाहेर काढा. रिमोटचा अँटेना मात्र ड्रोनकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी जातो. अँटेना आडवा वाकवून त्याची बाजू ड्रोनकडे ठेवायची. ही चूक फार जण करतात, कारण बंदुकीसारखं रोखणं हाताला सहज वाटतं.

प्रश्न (धुळे): मे महिन्यात दुपारी सहा-सात मिनिटांनी सिग्नल जातो, ड्रोन सावलीत ठेवला की परत येतो. सकाळी असं होत नाही.

उत्तर: हा रेडिओचा दोष नसून विजेचा असण्याची शक्यता जास्त. बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हरला 5 व्होल्ट देणारा बीईसी (छोटं सर्किट) उन्हात तापून व्होल्टेज पाडतो आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. गिंबलचे (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या जोडणीचे) किंवा इतर सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटारी, त्याच बीईसीवर असतील तर आणखी लवकर. ओळखायला सोपं आहे: पंखे काढून, ड्रोन उन्हात ठेवून तोच प्रसंग घडू द्या आणि रिसीव्हरचा दिवा बघा. दिवा पूर्ण विझला तर वीज तुटली. लुकलुकत राहिला तर वीज आहे, रेडिओ तुटला आहे. रिसीव्हर आयए6बी असेल तर तो स्वतःचं व्होल्टेज रिमोटच्या पडद्यावर दाखवतो, तेही पाहत राहा. ते 5 च्या आसपास स्थिर हवं. सर्व्होंना वेगळा बीईसी द्या, रिसीव्हरवर काळा टेप असेल तर काढा आणि त्याच्याभोवती हवा खेळू द्या.

प्रश्न (शहादा): सिग्नल गेल्यावर ड्रोन परत यायला हवा होता, तो आहे तसाच पुढे गेला. फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर ड्रोनने काय करायचं हे ठरवणारं सेटिंग, सुरू होतं.

उत्तर: बोर्डात सुरू होतं, रिसीव्हरला शिकवलेलं नव्हतं. न शिकवलेले अनेक रिसीव्हर सिग्नल गेला तरी थ्रॉटलची (मोटारींचा जोर कमी-जास्त करणाऱ्या काडीची) शेवटची जागाच पाठवत राहतात, मग बोर्डाला काही बिघडल्याचं कळत नाही. रिमोट एफएस-आय6 असेल तर त्यात थ्रॉटलची खालची मर्यादा 120 टक्के करा, ट्रिम (काडीची बारीक जुळणी) पूर्ण खाली घ्या, काडी तळाशी धरून मेनूतल्या आरएक्स सेटअपमधल्या फेलसेफमध्ये ती जागा साठवा, आणि मग मर्यादा व ट्रिम पूर्ववत करा. आता पंखे काढून बोर्ड संगणकाला जोडा आणि मिशन प्लॅनर (अर्डुपायलटची सेटिंग बघण्याचं सॉफ्टवेअर) उघडा. रिमोट बंद करताच तिसऱ्या, म्हणजे थ्रॉटलच्या, चॅनेलचा आकडा एफएस_टीएचआर_व्हॅल्यू या सेटिंगच्या, म्हणजे मूळ सेटिंगमधल्या 975 च्या, खाली गेला पाहिजे. रिमोट चालू असताना काडी तळाशी नेली तरी तो 1000 च्या खाली येऊ नये. हे दिसल्याशिवाय उडवू नका.

आरटीएलची, म्हणजे ड्रोन आपोआप उड्डाणाच्या जागी परत येतो त्या मोडची, मूळ उंची 15 मीटर असते. निंबाची झाडं आणि विजेच्या तारा असलेल्या शिवारात ती कमी पडते. 30 मीटर करा. मोटारी सुरू करण्याआधी जीपीएसने जागा पकडलेली हवी, नाहीतर परत कुठे यायचं हेच ड्रोनला माहीत नसतं.